संकटानंतरची श्रद्धा : किल्लारीच्या निमित्ताने

(शाळेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत, हैदराबाद येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने मला ‘ख्रिस्ती श्रद्धा आणि समाजसेवा’ असा विषय दिला होता. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलताना वक्ता फार लवकर आत्मस्तुतीकडे घसरतो. मिशनची रुग्णालये, शाळा, कुष्ठधामे यांची यादी वाचून दाखविली की श्रोते सौजन्याने टाळ्या वाजवतात आणि वक्ता समाधानाने घरी जातो. ते टाळावे म्हणून आपल्या अनुमतीने मी हा विषय अरुंद केला आहे. एखाद्या गावावर वा वस्तीवर अकस्मात मोठे संकट कोसळते, तेव्हा येशू ख्रिस्ताला मानणाऱ्या माणसाने काय बोलावे, काय बोलू नये आणि काय करावे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. हा प्रश्न मला ग्रंथ वाचताना पडला नाही. तो किल्लारीजवळच्या एका गावात पडला, आणि त्या दिवशी मी त्याचे चुकीचे उत्तर दिले.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट येथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी हैदराबादेतही अनेकांची झोप मोडली. आमच्या घरी मांडणीवरची भांडी वाजली, आईने देवाचे नाव घेतले आणि आम्ही पुन्हा अंथरुणावर पडलो. सकाळी शाळेत आलो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत रेडिओभोवती गर्दी होती. लातूर, उस्मानाबाद, औसा, निलंगा, उमरगा ही नावे ऐकू येत होती. ही नावे आपल्या शाळेला परकी नव्हती. मराठवाडा आणि हे शहर पिढ्यान्‌पिढ्या एका राज्यात नांदलेले. आपल्या पटावरील कितीतरी मुलांचे आजोळ त्याच तालुक्यांत होते. त्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत सातवीच्या वर्गातील तीन मुले घरी नेण्यात आली. त्यांपैकी एक जण आज या सभागृहात बसला आहे. त्याची परवानगी मी मागितलेली नाही, म्हणून त्याच्याविषयी अधिक बोलत नाही.

त्या भूकंपात आठ ते दहा हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता पाहिली तर हा आकडा फार मोठा आहे. याहून मोठे धक्के जगात अनेक ठिकाणी बसतात आणि इतकी माणसे मरत नाहीत. मग येथे का मेली? दख्खनचे पठार हा देशातील स्थिर भूभाग मानला जाई. भूकंपाच्या नकाशावर किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात दाखविलेला होता. पुढे 2002 मध्ये ते पहिले क्षेत्रच नकाशातून काढून टाकण्यात आले. घरे काळ्या दगडाची, दोन-दोन फूट जाडीच्या भिंतींची, आणि दगडांच्या मध्ये केवळ मातीचा गारा. वर लाकडी माळवद, त्यावर मातीचे थर. उन्हाळ्यात गार राहणारे हे घर शतकानुशतके त्या मुलखाचे शहाणपण होते. जमीन हलली तेव्हा दगड मातीपासून सुटले आणि माळवदाची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. आदल्या वर्षी तेथे लहान धक्के बसत होते. तेव्हा लोक काही रात्री अंगणात निजले होते. मग धक्के थांबले, लोक घरात परतले. भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून दमलेली गावे गाढ झोपेत होती.

इतका तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. तो का, ते पुढे कळेल.

शुक्रवारी आपल्या शाळेतील मुलांनी घरून मूठमूठ धान्य आणले. रविवारी, 3 ऑक्टोबरला, सकाळची उपासना आटोपून आमच्या चर्चच्या युवक संघाची मेटॅडोर निघाली. मी सत्तावीस वर्षांचा होतो, येथे नुकताच गणित शिकवू लागलो होतो. गाडीत शाळेचे धान्य, चर्चमध्ये जमलेले तांदूळ, ब्लँकेटे, मेणबत्त्या आणि जुन्या कपड्यांची गाठोडी होती. सोलापूरच्या महामार्गाने उमरग्यापर्यंत दोनशे किलोमीटरहून थोडे अधिक अंतर. तेथून आम्ही उत्तरेला वळलो. पाऊस लागला होता. रस्त्यावर लष्कराच्या गाड्या, मदतीच्या गाड्या, आणि केवळ पाहायला आलेल्यांच्याही गाड्या होत्या. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात भिजत पडले होते; आमच्यासारख्यांनीच ते आणून टाकले होते. घरांचीच लाकडे काढून चिता रचल्या गेल्या होत्या. तो वास मी वर्णन करणार नाही.

आम्ही एका लहान गावात थांबलो. आम्ही तांदूळ आणले होते आणि गाव ज्वारीची भाकरी खाणारे. त्यातही शिजवायला भांडे नाही, चूल नाही, कोरडे सरपण नाही. हे आमच्या कोणाच्या डोक्यात आले नव्हते. वाटपापूर्वी आमच्या प्रमुखांनी मोठ्याने प्रार्थना केली. ती मनापासून होती, परंतु लांब होती. ब्लँकेटासाठी रांगेत उभी असलेली माणसे पावसात भिजत आमच्या ‘आमेन’ची वाट पाहत होती. एका म्हाताऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्याने टोपी काढून हात जोडले होते. ते भक्तीने की ब्लँकेटासाठी, हे आम्ही कधीच जाणू शकणार नाही, आणि ते जाणणे अशक्य व्हावे अशी परिस्थिती आम्हीच निर्माण केली होती. इतक्या वर्षांनंतरही मला त्या रांगेची लाज वाटते.

वाटप संपत आले तेव्हा मी एका बाईपाशी गेलो. ती रांगेत आली नव्हती. एका पडक्या भिंतीपाशी बसून हाताने माती बाजूला करीत होती. तिचे दोन लेकरे गेले होते. मुलगा तिसरीत होता, मुलगी अजून शाळेत जात नव्हती. विसर्जनाच्या मिरवणुकीत मुले भिजली, मुलीला खोकला होता, म्हणून तिने दोघांना आतल्या खोलीत निजविले. नवरा-बायको ओसरीवर होती. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो आणि लहानपणापासून प्रत्येक अंत्यविधीत ऐकलेले वाक्य माझ्या तोंडून निघाले. मी म्हणालो, “आक्का, परमेश्वराची इच्छा. आपल्या हातात काय असतं?”

तिने माती उपसणे थांबविले. म्हणाली, “मंग म्या लेकरास्नी आत निजवलं, ती बी त्याचीच इच्छा म्हनायची का?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवे होते. माझ्यापाशी ते नव्हते. मी तिच्या खांद्यावर ब्लँकेट ठेवले, “दिवाळीनंतर परत येतो” असे म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो.

त्या रात्रीपासून मी बायबल निराळ्या रीतीने वाचू लागलो. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे, ज्यावर मी तोवर एकही प्रवचन ऐकले नव्हते. यरुशलेमेत शिलोह येथील बुरूज कोसळला आणि अठरा माणसे त्याखाली मेली. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती म्हणून असे झाले का, हा प्रश्न तेव्हा लोकांच्या मनात होता. प्रभू येशूने त्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी दिले. बुरूज का कोसळला, देवाचा त्यात काय हेतू होता, याविषयी त्याने काहीही सांगितले नाही. पश्चात्तापाची गोष्ट त्याने केली, परंतु ती जिवंत राहून प्रश्न विचारणाऱ्यांसाठी. जन्मांध माणसाच्या बाबतीतही तेच. कोणाचे पाप, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले. त्याने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसाच्या डोळ्यांना हात घातला. मी त्या आक्कांना जे बोललो होतो त्याला माझ्याच गुरूच्या वचनांत आधार नव्हता.

हा मोह केवळ आम्हा ख्रिस्ती लोकांना पडतो असे नाही. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला, तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड आहे असे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला. निसर्गातील घटनांना नीतीचे नियम चिकटविणे हे अविवेकाला खतपाणी घालणे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गांधीजींचा मोठेपणा असा की, तो निषेध त्यांनी ‘हरिजन’मध्ये छापला आणि त्याच अंकात आपले म्हणणे पुन्हा मांडले. अस्पृश्यतेविषयी गांधीजींच्या मनात जो दाह होता त्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. आणि मला वाटते, शिलोहच्या बुरुजाची गोष्ट सांगणाराही त्याच बाजूला उभा राहिला असता. कारण बिहारच्या ढिगाऱ्याखाली जे गेले त्यांत अस्पृश्य मानलेली माणसेही होती. त्यांनी कोणाच्या पापाचा दंड भोगला?

मग श्रद्धावंताने गप्प बसावे काय? काही काळ, होय. ईयोबाच्या ग्रंथातील तीन मित्रांची आपण नेहमी निंदा करतो, कारण त्यांनी दुःखी मित्राला त्याच्या पापांची उजळणी करायला लावली. परंतु त्यापूर्वी सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्दही न बोलता बसले होते. आपल्या मराठी घरांत दहाव्यापर्यंत माणसे येतात, सतरंजीवर बसतात, चहासुद्धा न घेता उठून जातात, ते त्यापेक्षा निराळे नाही. त्या मित्रांचे सर्वांत चांगले काम त्या सात दिवसांतच झाले. स्तोत्रसंहिता उघडून पाहा. तिचा फार मोठा भाग विलापाचा आहे, देवाला जाब विचारणारा आहे. आमच्या रविवारच्या उपासनेत ती स्तोत्रे क्वचितच निवडली जातात. आम्हांला स्तुतीची गाणी आवडतात. वधस्तंभावर खुद्द येशूने देवाला ‘का’ असे विचारले आणि शास्त्रात त्या प्रश्नाला स्वर्गातून उत्तर आल्याची नोंद नाही. ज्याचा देव स्वतः तो प्रश्न विचारून मेला, त्याने दुसऱ्याच्या प्रश्नाला घाईने उत्तर द्यायला जाऊ नये.

परंतु मौन हे कायमचे घर नव्हे. सातव्या दिवसानंतर हात हलवावे लागतात, आणि ते कसे हलवावेत हे शिकण्यासाठी आपल्याला परदेशी पाहायची गरज नाही. पंडिता रमाबाई आपल्या आहेत. त्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या, मराठी घरातल्या, संस्कृतात निष्णात. तरुण वयात दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावून, उरलेल्या भावासोबत अनवाणी देश पालथा घातलेली ही स्त्री. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा पुण्यात ‘शारदा सदन’ चालविणाऱ्या रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. उपासमार म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. दुष्काळी भागांतून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता. एवढ्या मुली शहरात ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा त्यांनी केडगावच्या शेतजमिनीवर राहुट्या आणि छपरे उभारली. ‘मुक्ती’ ही संस्था अशी निकडीतून वाढली. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि केडगावच्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दुष्काळ संपल्यावर काय झाले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. वृत्तपत्रांतले दुष्काळाचे रकाने बंद झाले, वर्गणी आटली, पण मुली तेथेच होत्या आणि त्या वाढत होत्या. रमाबाईंनी त्यांना शेती शिकविली, विणकाम शिकविले, तेलाचा घाणा आणि छापखाना चालवायला शिकविले. अंध मुलींना ब्रेल वाचायला शिकविले. 1922 च्या एप्रिलमध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हाही ते काम चालू होते. आणि सरकारने प्लेगच्या रुग्णालयांत स्त्रियांची जी आबाळ चालविली होती तिच्याविरुद्ध त्यांनी 1897 मध्ये वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले, ज्याचे पडसाद थेट इंग्लंडच्या पार्लमेंटात उमटले. तेव्हाचे राज्यकर्ते ख्रिस्ती होते. म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

येथे एक अवघड गोष्ट मी टाळणार नाही, कारण ती टाळली तर आपल्यापैकी अनेकांच्या मनात ती राहीलच. 1893 मध्ये ‘शारदा सदना’तील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेत सामील होऊ लागल्या, तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. मदत घेणाऱ्याचा धर्म बदलावा हा मदतीमागचा हेतू आहे काय, ही शंका तेव्हापासून आमच्या प्रत्येक भाकरीला चिकटलेली आहे. रमाबाईंनी आपली श्रद्धा लपविली नाही, हे मला मान्य आहे. कोणी लपवावीही नये. ज्या मुलीला घरी परत घेणारे कोणी नव्हते तिला त्यांनी आपले घर दिले आणि त्या घराचा जो देव होता तो तिला दिसला. परंतु ढिगाऱ्यापाशी रांगेत उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. तेथे देणारा उभा असतो आणि घेणारा वाकलेला असतो. त्या क्षणी माझी प्रार्थना त्याच्या कानावर लादणे हा त्याच्यावर अन्याय आणि माझ्या प्रार्थनेचा अपमान आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, असे आमचा प्रभू सांगून गेला. आम्ही गाडीला कापडी फलक बांधून गेलो होतो. माझ्या अनेक धर्मबंधूंना हे मत पटत नाही, हे मी जाणतो. रमाबाईंनाही कदाचित ते पटले नसते.

उदारतेने सांगितले पाहिजे की, किल्लारीनंतर दीर्घ पल्ल्याच्या कामाचा सर्वांत चांगला नमुना आम्हा ख्रिस्ती लोकांनी घालून दिलेला नाही. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे 1200 मुले पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी वर्षानुवर्षे वाहिली. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगणाऱ्याला हे ऐकून नवल वाटले नसते. त्याच्या गोष्टीतही याजक आणि लेवी रस्त्याच्या पलीकडून निघून जातात, आणि थांबतो तो परक्या पंथाचा माणूस.

त्या गोष्टीच्या शेवटाकडे आपले लक्ष क्वचित जाते. आपल्याला जखमांवर ओतलेले तेल आणि द्राक्षारस आठवतो, जखमीला जनावरावर बसविलेले आठवते. परंतु दुसऱ्या दिवशी तो शोमरोनी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि सांगतो की, अधिक खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा चुकता करीन. म्हणजे तो परत येणार होता. त्याने तारीख सांगितली नव्हती हे खरे. पण मालकाने त्याच्यावर विश्वास ठेवला, यावरून तो परत येणाऱ्यांपैकी असावा.

मी त्यांपैकी नव्हतो. मी दिवाळीनंतर येतो म्हणालो होतो. दिवाळी गेली, नाताळ गेला, वार्षिक परीक्षा आल्या. मी गेलो तो 1995 च्या फेब्रुवारीत, सोळा महिन्यांनी, आणि तोही उमरग्याला एका लग्नाच्या निमित्ताने. 52 गावे नव्या जागी वसविण्याचे काम जागतिक बँकेच्या साहाय्याने चालू होते. आखीव रस्ते, सिमेंटच्या घरांच्या ओळी. आक्कांचे गाव अजून पत्र्याच्या शेडमध्ये होते. त्यांनी मला ओळखले. म्हणाल्या, “दिवाळीनंतर येतो म्हनला व्हता की, सर.” मी क्षमा मागितली. त्यांनी चहा टाकला.

या वेळी मी त्यांना भिंतींविषयी सांगितले. दगडांत माती होती, चुना नव्हता. वर माळवदाचा भार होता. येथे मोठा भूकंप होईल असे नकाशा करणाऱ्या शास्त्रज्ञांनाही वाटले नव्हते. खोकणाऱ्या लेकराला पावसाळी रात्री कोणतीही आई आतच निजविते. मघाशी जो तपशील मी आपल्याला ऐकविला तो सगळा, गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशा क्रमाने, मी त्यांच्यापुढे मांडला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे तवाच सांगायचं व्हतं.”

मला आजही वाटते, 3 ऑक्टोबरला मला त्या बाईला देण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती देवाविषयीची नव्हती. ती मातीच्या गाऱ्याविषयी होती. श्रद्धेने मला एवढे तरी शिकवायला हवे होते की, निरपराध माणसाच्या मानेवरचे अपराधाचे ओझे उतरविणे हे माझे काम आहे.

निघताना त्यांनी एक काम सांगितले. मी मास्तर आहे हे त्यांच्या लक्षात होते. त्यांना मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. मयतांच्या सरकारी यादीत त्याचे नाव होते, तिच्याखालोखाल त्याच्या बहिणीचे. पण त्या यादीत दोघेही मेलेली होती. शाळेच्या कागदावर तो तिसरीत शिकत होता. मुलीचे नाव दुसऱ्या कुठल्याच कागदावर नव्हते.

आम्ही शाळेच्या शेडमध्ये गेलो. जनरल रजिस्टर लोखंडी कपाटात होते म्हणून वाचले होते. पाने पाण्याने फुगली होती, शाई पसरली होती. हेडमास्तर भला माणूस होता, पण अडला. मृत विद्यार्थ्याचा दाखला त्याने कधी काढला नव्हता, आणि तो कोणत्या शाळेत दाखल करायचा म्हणून काढायचा? मी त्याच्या शेजारी बसलो. दोघांनी मिळून मुलाची नोंद शोधली. पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख. प्रगती : चांगली. वर्तणूक : चांगली. मग तो रकाना आला, ‘शाळा सोडल्याचे कारण’. हेडमास्तरांनी लेखणी उचलून धरली आणि माझ्याकडे पाहिले. मी त्यांना काहीच सुचवू शकलो नाही. त्यांनी थोड्या वेळाने लिहिले : भूकंप. सही केली, गोल शिक्का मारला. आक्कांना वाचता येत नव्हते. मी प्रत्येक रकाना वाचून दाखविला आणि त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.

त्यानंतर मी वर्षातून एकदा जात राहिलो. मोठे काम काही केले नाही. कधी कोणाची औषधे, कधी कोणाचा वसतिगृहाचा अर्ज. आक्का आता हयात नाहीत.

मित्रहो, महोत्सवाच्या आनंदात मी एवढे दुःखाचे बोललो याला कारण आहे, आणि ते सांगून मी थांबतो. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेने या शहरातही घरे रिकामी केली. आपल्या पटावरील काही मुलांचे वडील गेले, एकीची आई गेली. ज्यांचे दोन्ही पालक गेले त्यांच्यासाठी केंद्र सरकारची योजना होती. ज्यांचा एक पालक उरला होता ती मुले तिच्या बाहेर राहिली, मग गेलेला पालक घरातील एकटा कमावता का असेना. माजी विद्यार्थ्यांनी तेव्हा मोठ्या मनाने निधी उभारला आणि त्या मुलांची त्या वर्षीची आणि पुढल्या वर्षीची फी भरली. छायाचित्रे निघाली, मीही त्यांत उभा आहे. त्यानंतर तो निधी संपला आणि कोणी पुन्हा विचारले नाही. मी त्या समितीत होतो; मीही विचारले नाही. किल्लारीनंतर इतक्या वर्षांनी माझ्याकडून दुसऱ्यांदा तेच घडले.

त्यांतील एका मुलाने दहावीनंतर शिक्षण सोडले आणि तो आता एका दुकानात काम करतो. बाकीची अजून शिकत आहेत. दोघी आपल्याच शाळेत आहेत, एक नववीत आणि एक दहावीत. त्यांची नावे मी येथे घेणार नाही आणि आपणही कोणी विचारू नये. मुलांची नावे न लिहिता, त्यांच्या उरलेल्या वर्षांच्या खर्चाचा हिशेब मी मांडून कार्यालयात ठेवला आहे. त्यात दुकानात काम करणाऱ्या मुलासाठी रात्रशाळेची फीही धरली आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही, मी पुढच्या रविवारी त्याला पुन्हा भेटणार आहे. ज्यांना हातभार लावायचा असेल त्यांनी कार्यालयात वहीत आपले नाव आणि किती वर्षांसाठी, एवढे लिहावे. रकमेपेक्षा वर्षांचा रकाना आधी भरावा, अशी विनंती आहे.